सहा विरुद्ध तीन, सात विरुद्ध दोन

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त इंदापुरात व्याख्यान देण्याचा योग आला. मालोजीराजांची गढी ज्या गावात आहे, त्या गावात स्वराज्याविषयी बोलताना वक्त्याचा आवाज आपोआप चढतो. माझाही चढला असावा. व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरांना आरंभ झाला, तेव्हा बारामतीहून मुद्दाम आलेला एक तरुण वकील उभा राहिला. तो म्हणाला, "सर, टिळकांवर अन्याय झाला असे आपण म्हणालात. पण त्यांना दोषी ठरवले ते ज्युरीने. ज्युरी म्हणजे नागरिकच. वर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागण्याची सोयही होती. त्या काळात याहून न्याय्य पद्धत कोठे होती, ते सांगाल का?"

सभेत थोडी कुजबुज झाली. मी दोन मिनिटांत जमेल तेवढे उत्तर दिले. परंतु परतताना बारामतीपर्यंतच्या प्रवासात ते उत्तर मलाच अपुरे वाटत राहिले. तो तरुण उद्धट नव्हता, अभ्यासू होता. त्याला महाविद्यालयात जे शिकवले गेले, तेच तो बोलत होता. इंग्रजांनी आम्हाला कायद्याचे राज्य दिले, निःपक्षपाती न्यायालये दिली, ही कथा आपल्याकडील एका विद्वन्मंडळाने इतक्या श्रद्धेने सांगितली आहे की तिचे पुरावे तपासणेही पाप ठरावे. म्हणून ते पुरावे येथे तपासतो. आरंभ त्या तरुणाच्याच शब्दापासून करू : ज्युरी.

नऊ माणसे कोठून आली?

टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला १८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता हा आरोपाचा आधार होता. ज्युरीत नऊ जण होते. त्यांतील सहा युरोपियन, तीन हिंदी. १४ सप्टेंबरला निकाल लागला, तो सहा विरुद्ध तीन. शिक्षा झाली अठरा महिने सक्तमजुरीची.

आता कायद्याची मेख पाहा. उच्च न्यायालयातील ज्युरीचे एकमत आवश्यक नव्हते. नऊपैकी सहा जणांचे मत एक झाले आणि न्यायाधीशाला ते मान्य असले की काम भागत असे. सहा हा आकडा कायद्याने मागितलेला किमान आकडा होता आणि ज्युरीतील युरोपियनांची संख्याही नेमकी तेवढीच होती. त्यांतील एका खुर्चीवर दुसरा कोणी बसला असता आणि त्याने उरलेल्या तिघांची साथ केली असती, तर त्या ज्युरीच्या मतावर टिळकांना शिक्षा देता आली नसती. एका खुर्चीवर एका राष्ट्रपुरुषाचे स्वातंत्र्य लटकत होते. ती खुर्ची कोणी भरली, कोणत्या यादीतून भरली, हा प्रश्न मग किरकोळ कसा म्हणावा?

१९०८ साली ही कसरही उरली नाही. १२ मे आणि ९ जून १९०८ च्या 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून खटला उभा राहिला. सरकार पक्षाने 'खास ज्युरी' मागितली. या खास ज्युरीची यादी मालमत्ता, प्रतिष्ठा व शिक्षण पाहून बनवली जाई. शब्द किती साळसूद! त्या काळच्या मुंबईत या निकषांतून कोणती नावे वर येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी आक्षेप घेतला, की अशा ज्युरीत युरोपियनांचे बहुमत होईल आणि ज्या मराठी लेखांवर निकाल द्यायचा, ते लेख त्यांना वाचताच येणार नाहीत. न्या. दावर यांनी खास ज्युरी मंजूर केली. बॅप्टिस्टा बोलले तसेच घडले. सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण एकवीस तासांहून अधिक वेळ केले. २२ जुलैच्या रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून या निकालावर आपला निकाल दिला.

कोणी म्हणेल, दावर तर हिंदीच होते, मग वंशभेद कोठे आला? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. १८९७ साली हेच दावर टिळकांचे वकील म्हणून जामिनासाठी उभे राहिले होते आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो जामीन दिला होता. १९०८ साली बॅ. जिनांनी जामीन मागितला, तेव्हा न्यायासनावरील दावरांनी तो नाकारला. दुसरीकडे त्याच खटल्यात, सात युरोपियनांचे बहुमत समोर असताना, मतांचा आकडा सात विरुद्ध दोन राहिला, तो ज्युरीतील त्या दोन खुर्च्यांमुळे. तेव्हा प्रश्न व्यक्तीच्या कातडीचा किंवा पंथाचा नाही. ज्या व्यवस्थेने यादी आखली, बहुमत ठरवले आणि नंतर त्यास 'नागरिकांचा कौल' हे नाव दिले, त्या व्यवस्थेचा आहे.

भेद कायद्यातच होता

हा भेद चुकून झालेला नव्हता. कायद्याच्या कलमांतून तो उघडपणे लिहिला होता. १८२६ च्या ज्युरी कायद्याने हिंदी माणसाला ज्युरीत बसण्याची मुभा दिली, पण अट काय? आरोपी ख्रिस्ती असेल, तर ज्युरी सर्वस्वी ख्रिस्तीच हवी आणि ग्रँड ज्युरी तर नेहमीच ख्रिस्ती. हिंदूने वा मुसलमानाने ख्रिस्त्याचा न्याय करायचा नाही, ख्रिस्त्याने मात्र सर्वांचा करायचा! राजा राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि १८३२ साली ही अट गेली.

अट गेली, वृत्ती राहिली. १८८३ साली इल्बर्ट विधेयक आले. हिंदी न्यायाधिकाऱ्याला जिल्ह्यातील युरोपियन आरोपीचा खटला चालवता यावा, एवढीच त्यातील मागणी होती. त्यावर गोऱ्या समाजाने असे काही रान उठवले की लॉर्ड रिपन यांचे सरकार नमले. १८८४ साली तडजोड निघाली : युरोपियन ब्रिटिश प्रजाजनाला, किमान निम्मे सभासद युरोपियन किंवा अमेरिकन असलेली ज्युरी मागण्याचा हक्क मिळाला. म्हणजे आपल्या जातभाईंनीच आपला न्याय करावा, हा गोऱ्याचा हक्क कायद्याने मान्य केला.

आणि हिंदी माणसाचे काय? फौजदारी संहितेत त्याच्यासाठीही एक तरतूद होती. सत्र न्यायालयात ज्युरीपुढे खटला चालला, तर युरोपियन वा अमेरिकन नसलेल्या आरोपीला आपल्या ज्युरीचे बहुमत तशाच लोकांचे असावे, अशी मागणी करता येई. तरतूद सत्र न्यायालयापुरती होती. 'केसरी' पुण्यात लिहिला जाई, पुण्यात छापला जाई, पण टिळकांना दोन्ही वेळा पकडले मुंबईत आणि खटले चालले मुंबई उच्च न्यायालयात. तेथे ही मागणी करण्याची सोय नव्हती. गोऱ्या आरोपीचा हक्क मात्र उच्च न्यायालयातही त्याच्यामागे सावलीसारखा चालत असे. याला समान न्याय म्हणायचे असेल, तर विषमतेसाठी नवा शब्द शोधावा लागेल.

मराठीचे परीक्षक, मराठी न जाणणारे

राजद्रोहाचा आरोप म्हणजे काय? लेख वाचून वाचकाच्या मनात सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते, हा आरोप. हा वाचक कोण? मुंबईच्या पेढीवरचा इंग्रज व्यापारी 'केसरी' वाचत नव्हता. 'केसरी' वाचला जाई तो आपल्या गावांतून, पारावर आणि शाळामास्तरांच्या ओसरीवर. एकाने मोठ्याने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. 'देशाचे दुर्दैव' ऐकून भीमथडीच्या शेतकऱ्याच्या मनात काय उमटले, हे सांगायला भीमथडीचाच माणूस हवा. त्याऐवजी ते ठरवले सात अशा गृहस्थांनी, ज्यांच्या हाती मूळ लेख नव्हता, सरकारी भाषांतर होते. त्या भाषांतरातील चुका टिळकांनी शब्दाशब्दाने दाखवल्या. ज्याला मूळ शब्दच ठाऊक नाही, त्याला भाषांतराची चूक कशी कळावी?

परक्या भाषेतील न्याय म्हणजे काय, हे या मुलखाने त्याआधीच भोगले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खाती व कर्जरोखे ताब्यात घेऊन त्यांची होळी केली आणि पाहता पाहता दंग्याचे लोण भीमथडी, इंदापूरपर्यंत पसरले. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवायचा आणि मग दूरच्या कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा द्यायचा, हे त्या संतापाचे एक मोठे कारण होते. सरकारलाही ते मानावे लागले. १८७९ चा दख्खनी शेतकऱ्यांचा कायदा त्यातूनच आला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, योगायोगाने १२ मे हीच तारीख असलेल्या अंकातील अग्रलेखाचा न्याय पुन्हा न समजणाऱ्या भाषेतच झाला. शेतकऱ्याला रोखा वाचता येत नव्हता, ज्युरीला 'केसरी' वाचता येत नव्हता. फरक इतकाच, की पहिल्या प्रसंगी अडाणी ठरला तो शेतकरी आणि दुसऱ्या प्रसंगी ज्युरीला 'खास' म्हटले गेले.

खरी कसोटी वरच्या दारात

येथपर्यंत ज्युरीच्या निवडीचे झाले. पण माझ्या तरुण वकील मित्राच्या प्रश्नातील दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो : वर दाद मागण्याची सोय होती ना?

माणसे चुकतात, पूर्वग्रह बाळगतात. कोणत्याही देशातील कोणतीही ज्युरी याला अपवाद नसेल. व्यवस्थेचा प्रामाणिकपणा कळतो तो पुढे. 'माझे पंच पक्षपाताने निवडले गेले' असे आरोपीने म्हटल्यावर ते ऐकणारा कोणी आहे का आणि तो त्या पक्षपातापासून अलिप्त आहे का, हा खरा प्रश्न आहे.

टिळकांच्या बाबतीत उत्तर काय होते? मुंबई उच्च न्यायालयाने मूळ फौजदारी अधिकारात दिलेल्या शिक्षेवर अपीलच नव्हते. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाने स्वतःच एखादा कायद्याचा मुद्दा राखून ठेवावा किंवा चूक झाल्याचे प्रमाणपत्र ॲडव्होकेट जनरलने द्यावे, एवढ्याच दोन फटी होत्या. आणि टिळकांविरुद्ध सरकारची बाजू मांडत होते ते ॲडव्होकेट जनरलच! ज्याने दार लावले, त्याच्याच कमरेला किल्ली. १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती नाकारणाऱ्या तीन न्यायमूर्तींच्या पीठावर मुख्य न्यायमूर्ती फॅरन व न्या. कँडी यांच्या जोडीला कोण बसले होते? न्या. स्ट्रेची! ज्यांच्या चुकीविषयी तक्रार, तेच तक्रारीचे निवाडेकार. पुढे लंडनला अ‍ॅस्क्विथ यांच्यासारखा, नंतर इंग्लंडचा पंतप्रधान झालेला वकील टिळकांसाठी उभा राहिला. समोर होते लॉर्ड चॅन्सेलर हॅल्सबरी, म्हणजे राज्यकर्त्या मंत्रिमंडळाचेच सदस्य. परवानगी नाकारली गेली. १९०८ च्या शिक्षेनंतर दादासाहेब खापर्डे विलायतेला गेले, पण तोच अनुभव पदरी पडला. फौजदारी अपिलांचे न्यायालय म्हणून आपण बसत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलचे ठरलेले सूत्र होते.

म्हणजे दाद मागण्याची 'सोय' होती ती अशी : पायऱ्या होत्या, दारे होती, द्वारपाल होते, फक्त आत ऐकणारा कोणी नव्हता. उच्च न्यायालयाच्या अशा शिक्षेवर रीतसर अपिलाचा हक्क कायद्यात आला तो १९४३ साली. टिळकांना जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

वरचा न्यायाधीश खरोखर वाचायला बसला तर काय होते, याचाही दाखला टिळकांच्याच चरित्रात आहे. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. त्या हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येत होती. बॅ. जिनांनी बाजू मांडली. न्या. बॅचलर व न्या. लल्लुभाई शहा यांनी भाषणे समग्र तपासली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हुकूम रद्द केला. टिळक तेच, त्यांचे विचार तेच, सरकारही तेच. बदलले ते इतकेच, की या वेळी वर कोणीतरी ऐकून घेतले.

अमेरिकेचा आरसा

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. जगाला उठता बसता मानवाधिकारांचे धडे देणाऱ्या अमेरिकेत तो आजही धगधगतो आहे. तेथे ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही नावे कारण न देता वगळता येतात. आपल्याकडेही उच्च न्यायालयात दोन्ही पक्षांना प्रत्येकी आठ जणांवर अशी हरकत घेता येत असे. अमेरिकेतील सरकारी वकिलांनी हे हत्यार कृष्णवर्णीयांना ज्युरीबाहेर काढण्यासाठी पिढ्यान्पिढ्या वापरले. केवळ वर्णावरून ज्युरीबाहेर ठेवणारा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८० सालीच अवैध ठरवला होता. तरीही, कृष्णवर्णीय व्यक्ती का वगळली याचे वर्णनिरपेक्ष कारण सरकारी वकिलाने त्याच खटल्यात द्यावे, हा दंडक 'बॅट्सन' खटल्यात घालून देण्यास १९८६ साल उजाडले. शंभरावर वर्षे!

त्यानंतरही पळवाटा निघाल्याच. जॉर्जिया राज्यातील टिमोथी फॉस्टर याच्या १९८७ च्या खटल्यात चारही कृष्णवर्णीय उमेदवार वगळले गेले. सरकारी वकिलांची टिपणे अनेक वर्षांनी उघड झाली, तेव्हा कृष्णवर्णीयांची नावे हिरव्या रंगाने ठळक केलेली आढळली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरवली. मिसिसिपीतील कर्टिस फ्लॉवर्स याच्यावर एकाच आरोपासाठी सहा वेळा खटला चालला. सहा खटल्यांत मिळून बेचाळीसपैकी एक्केचाळीस कृष्णवर्णीय उमेदवारांना सरकारी वकिलाने वगळले. सहाव्या खटल्यात वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना १४५ प्रश्न विचारले गेले आणि ज्युरीत घेतलेल्या अकरा गोऱ्यांना सगळे मिळून १२. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे आकडे मांडून शिक्षा रद्द केली आणि २०२० साली आरोप मागे घेतले गेले. तोवर त्या माणसाच्या आयुष्याची तेवीस वर्षे बंदिवासात गेली होती.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचे येथे कारण नाही. पण एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. वरच्या न्यायालयाने ज्युरीची यादी मागवली, टिपणे वाचली, प्रश्न मोजले आणि खालच्या न्यायालयाची चूक उघडपणे सांगितली. १८९७ आणि १९०८ साली ही मोजदाद करणारा कोणी भेटला नाही. सहा विरुद्ध तीन आणि सात विरुद्ध दोन हे आकडे तेव्हाही तितकेच बोलके होते.

आपल्या मातीतील परस्थळ

'त्या काळात याहून न्याय्य पद्धत कोठे होती?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जायला नको. इंदापूर, सुपे, पुणे हे शहाजीराजांच्या जहागिरीचे परगणे. येथील वतनाचे, सीमेचे, वारशाचे तंटे गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार असे समस्त गोत बसे आणि निवाड्याच्या महजरावर सर्वांच्या निशाण्या उठत. त्यात महारांचीही असे. आणि एखाद्या पक्षाला वाटले की हे गोत आपल्या विरोधकाच्या बाजूचे आहे, तर? त्याला परस्थळ मागता येई. म्हणजे दुसऱ्या, तटस्थ गावच्या गोतापुढे तंटा न्यावा, अशी मागणी करता येई. डॉ. वि. त्रिं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला आहे. त्यात ही सारी पद्धत विस्ताराने पाहावयास मिळते.

गोतसभा निर्दोष होती, असा दावा कोणी करू नये. तिच्यातही मानपान होते, उच्चनीच होते, स्त्रीचा आवाज तेथे क्वचितच पोहोचत असे. परंतु पंच पक्षपाती असू शकतात, हे गृहीत धरून त्यावर उपाय ठेवणारी बुद्धी या मातीत होती. पंच निवडण्यातच पक्षपात करून वर त्याला अपिलाची वाट न ठेवणारी बुद्धी बाहेरून आली.

आपलीही परीक्षा

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली फौजदारी कायद्यातील उरलेसुरले वंशभेद काढून टाकण्यात आले. नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोषत्वाचा कौल उच्च न्यायालयाने उलटवला आणि पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेने ज्युरीला निरोप दिला. १९५६ साली मुंबई उच्च न्यायालयातील, जेथे टिळकांना शिक्षा ऐकवली गेली, त्याच दालनात त्यांच्या उद्गारांचा स्मृतिफलक मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते लागला. न्यायसंस्थेने आपल्याच निकालापुढे असे मस्तक लववावे, ही थोर गोष्ट होय.

पण फलक लावून कर्तव्य संपत नाही. टिळकांवरील अन्यायाने ज्याचे रक्त तापते, त्याने स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. आज ज्युरी नसली, तरी पंच आहेतच. पंचनाम्याचे पंच कोण असतात? नेहमीचेच, पोलिसांच्या ओळखीचे. गावकीच्या बैठकीत, सोसायटीच्या चौकशी समितीत, शाळेच्या शिस्तपालन मंडळात कोणाला बसवले जाते आणि कोणाला वगळले जाते? वस्तीवरचा पारधी मुलगा चोरीच्या संशयावरून पकडला गेला, तर त्याच्याविषयी मत बनवणाऱ्यांत त्याच्या वस्तीचा कोणी असतो का? 'हे पंच माझ्याविरुद्ध आहेत' असे तो म्हणाला, तर ते ऐकून घेणारा आपल्या गावात कोणी आहे का? समरसतेची भाषा आपण करतो, तेव्हा तिची कसोटी याच ठिकाणी लागते. इंदापूरचा पक्षकार उच्च न्यायालयात जातो, तेव्हा आपल्याविषयी काय बोलले जात आहे, हे त्याला आजही दुसऱ्याला विचारावे लागते. निवाड्यांची मराठी भाषांतरे अलीकडे मिळू लागली आहेत, हे स्वागतार्ह आहे, पुरेसे नाही.

माझ्या तरुण वकील मित्राला आता सविस्तर उत्तर देतो. मित्रा, ज्युरी म्हणजे नागरिक, हे तुझे म्हणणे खरे. पण कोणते नागरिक, कोणी निवडलेले आणि निवडीवर हरकत घेतली तर ती कोणापुढे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय न्याय झाला, असे म्हणू नये. टिळकांसाठी हे प्रश्न विचारायला तेव्हा आपले राज्य नव्हते. आज ते आहे आणि तुझ्या अंगावर वकिलाचा काळा कोट आहे. बारामतीच्या न्यायालयात उद्या एखादा अशील तुझ्याकडे येईल, गरीब, अडाणी, कोणीच विश्वास न ठेवलेला. त्याच्यासाठी हे तीन प्रश्न तू विचार. लोकमान्यांच्या पुण्यतिथीचे खरे व्याख्यान ते होईल.